ओट्यावरचं गोड पाणी

६ एप्रिल

पोचले एकदाची. मलकापूरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि ऊन असं की आमच्या देवरुखात मे महिन्यात भर दुपारीही एवढं पडत नाही. पुढे जीप. दहाच्या जागेत सोळा माणसं, माझ्या मांडीवर कोणाच्या तरी शेवग्याच्या शेंगा. ठेवू का म्हणून विचारलं नाहीच, वर मलाच जरा सरकायला सांगितलं. मला हे लोक आवडणार असं दिसतंय.

कामाचं लिहून ठेवते. पुण्याच्या आमच्या संस्थेने बुलढाणा जिल्ह्यातली दोन गावं अभ्यासाला घेतली आहेत. एक घाटावरचं, अमडापूरच्या बाजूचं, गोड विहिरींचं. दुसरं घाटाखालचं, म्हणजे हे. इथे जमिनीतलं पाणी खारं आणि घरटी किडनीचं दुखणं. जिल्हा एक, कलेक्टर एक, आणि माणसं मरतात ती वेगवेगळ्या वयात. असं का, ते सहा महिन्यांत शोधायचं आहे. गावांची नावं कुठेही लिहायची नाहीत असा नियम आहे, म्हणून ते 'क' आणि हे 'ख'.

खोली कौशल्याबाईंकडे मिळाली. त्यांचे यजमान महादेवराव एकसष्ट वर्षांचे, कापूस-हरभऱ्याचे शेतकरी. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तालुक्याला जातात. अंगात काही उरलेलं नाही, पण जीभ शाबूत आहे. मला म्हणाले, कोकनात आभाळातून एवढं पानी पडते, मंग तुमी आमचं पानी पाहाले काऊन आल्या? मी म्हटलं, पगार मिळतो म्हणून. खूप हसले.

गावातली एक गोष्ट फार आवडली. दुपारी बारा वाजले की घरोघर ओट्यावर भरलेला गडवा, म्हणजे आपला तांब्या, ठेवतात. कुठे एक, कुठे दोन, एका घरी चार. पाखरांसाठी. तेही विकतच्या कॅनच्या गोड पाण्याचे. मला भरूनच आलं.

९ एप्रिल

विहिरीच्या पाण्याचा चहा प्यायले. पुन्हा पिणार नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते शेताला दिलं तर जमीन पांढरी पडते. शिवारात रोही हिंडतात, म्हणजे नीलगायी. विहिरीच्या काठावर सुकलेलं मीठ चाटतात आणि पाणी प्यायला मात्र चार कोस लांब नदीवर जातात. जनावरालाही कळतं.

आमचा फॉर्म उसाच्या पट्ट्यात बसून केलेला दिसतो. दिवसाला किती पाणी पिता, याला सर्वात मोठा रकाना तीन लिटरचा. इथे शेतात राबणारा माणूस आठ लिटर पितो. प्रश्न नऊ, 'घरात पाणी पिणारी माणसं किती?' यालाही बायका हमखास जास्तीचा आकडा सांगतात. रेशनकार्डावर चार, तोंडी पाच. तो पाचवा कोण म्हटलं की विषय बदलतात. मागच्या महिन्यात घाटावर, 'क'मध्ये, फॉर्म भरले तेव्हा असं एकदाही झालं नव्हतं. मी आपली कार्ड बघून आकडा दुरुस्त करते, जास्तीचं माणूस खोडते.

१४ एप्रिल

महादेवरावांना डॉक्टरांनी दिवसाला पाचशे मिलीच पाणी सांगितलंय, चहा-वरण धरून. कौशल्याबाईंना मोजणं जमत नव्हतं म्हणून ते काम मी घेतलं. पन्नास मिलीची स्टीलची पेली आणि एक वही.

ही पेली मी देवरुखहून आणली आहे. अण्णांची आहे. माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. बाहेर आषाढ कोसळत होता, पन्हाळीतून धारा वाहत होत्या, आणि अण्णा कॉटवरून मला म्हणत होते, बाय गो, घोटभर दे. वहीत पाचशे पुरे झाले होते. मी म्हटलं, अण्णा, सहा वाजता. सव्वापाचला गेले. तीन वर्षं झाली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही. इथे लिहिते आहे कारण आज महादेवरावांनी त्याच नजरेने पेलीकडे पाहिलं.

१८ एप्रिल

आमच्या ओट्यावरचा गडवा दुपारी तीनपर्यंत रिकामा होतो. त्यावर चिमणी बसलेली मी एकदाही पाहिली नाही. संशय आला तो महादेवरावांचा. कौशल्याबाईंना चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा त्यांनी सांगितलं.

गडवा पाखरांचा नाहीच. तो गुलाबरावांचा, म्हणजे महादेवरावांच्या थोरल्या भावाचा. चार वर्षांपूर्वी तेही याच दुखण्याने गेले, पाणी पाणी करत. या गावात जो तहानलेला गेला त्याला घरातलं एक माणूस धरतात. त्याच्या नावाचं गोड पाणी रोज बाराला ओट्यावर ठेवायचं. नाही ठेवलं तर तो घरात येतो आणि ज्याने त्याचं पाणी तोडलं त्यालाच मागतो. त्यायचाबी इलाज नाही वं पोरी, तहान मोठी वाईट, असं म्हणाल्या.

म्हणजे प्रश्न नऊमधलं जास्तीचं माणूस हे. मी आतापर्यंत त्रेचाळीस खोडली आहेत.

२१ एप्रिल

मी ऐकलं नाही. तहानेने कासावीस झालेल्या माणसाच्या चार हातांवर भरलेला गडवा ठेवायचा, याला काय अर्थ आहे? कौशल्याबाईंना स्पष्ट सांगितलं, दीर गेले ते गेले, नवरा हवा असेल तर गडवा आत घ्या. त्यांनी घेतला. शिकलेली पोर सांगते म्हणून घेतला. मग ज्यांच्या घरात रोगी आहेत अशा अकरा घरांना मी हेच सांगून आले. संध्याकाळी पुण्याला, संस्थेतल्या शरच्चंद्र सरांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, शाब्बास.

एक बोचतंय ते लिहिते. महादेवरावांची डायलिसिसच्या वेळी घेतलेली वजनं मागाहून पाहिली. ते चोरून पीत असते तर वजन वाढलं असतं. वाढलेलं नाही.

२५ एप्रिल

दुपारी जेवून पडले होते. उठून पाहिलं तर खोलीतल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी गोड पाण्याच्या नऊ बाटल्या रिकाम्या. सील शाबूत. खाऱ्या पाण्याच्या तशाच भरलेल्या.

ओट्यावर पांढऱ्या पावलांचे ठसे होते. अनवाणी, मोठ्या माणसाचे. बोट लावून चाखलं. मीठ.

त्या अकरा घरांत विचारून आले. नऊ घरांत तसेच ठसे आहेत. कोणी मला दोष दिला नाही. एका म्हातारीने बसायला पाट दिला आणि चहा केला, त्यामुळे जास्तच लाज वाटली.

२८ एप्रिल

महादेवराव गेले.

दीड वाजता वहीत पाचशे झाले होते. मला म्हणाले, मॅडम, एक पेली. मी म्हटलं, सहा वाजता देते. तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. पेली भरायला उठले. आमचा डेरा रिकामा होता. सकाळी मी स्वतः भरला होता. शेजारून पाणी घेऊन आले तोवर ते दाराकडे बघत होते. दादा आला, म्हणाले, त्याले देजा आधी.

कौशल्याबाईंनी त्यांच्या तोंडात पाणी घातलं ते गालावरून खाली आलं.

मला मोठ्याने रडायचं होतं. माझं घर नाही, माझा माणूस नाही, म्हणून खोलीत जाऊन रडले.

४ मे

भर दुपारी एक रोही गल्लीत शिरला. एवढं मोठं जनावर, कोणाला घाबरलं नाही. आमच्या ओट्यापाशी थांबून पांढरी पावलं चाटत होता. चाटून पुसली गेली. तासाभराने पुन्हा उमटली. आता दोन माणसांची.

११ मे

काल तेरवी झाली. आज कौशल्याबाईंची लेक छायाताई आईला आपल्या सासरी, धाड गावाला, घेऊन गेल्या. तेरा दिवस दोन्ही भावांचं पाणी घरच्यांनी ठेवलं. निघताना कौशल्याबाईंनी माझा हात धरला. आता तूच ठेवजो, म्हणाल्या. तुह्यावर राग नाही पोरी, तू चांगलंच कराले गेली होती. असं बोलण्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी हो म्हटलं. दोन गडवे ठेवले. तीन वाजता रिकामे.

१३ मे

गावाचा विजेचा डीपी जळाला. गोड पाण्याचा प्लांट बंद, कॅन येत नाहीत. गावात कोणाकडेच नाही. ज्यांच्या ओट्यावर कालपर्यंत गडवे होते तेही आज रिकामे. सरांना फोन केला. अहवालात लिहिण्यासारखं काही आहे का, विचारलं त्यांनी.

सगळे फॉर्म काढले. प्रश्न नऊ. खोडलेली त्रेचाळीस माणसं शाईने परत लिहिली. त्यांतच गुलाबरावांचंही नाव लिहिलं. चव्वेचाळिसावे महादेवराव.

पंचेचाळिसावं एक नाव आहे. ते या गावाचं नाही. ते लिहायला हात —

१४ मे

माझ्या खोलीतल्या कॅनमध्ये तेवढं दोन लिटर उरलंय. सकाळपासून मी प्यायले नाही. गडवे भरायला गेले पण फॉर्मवर परत लिहिलेल्या इतक्यांना कसं वाटायचं. एकाला दिलं तर बाकीचे — ठेवलंच नाही. चूक केली.

दुपारभर ओट्यावर पावलं. आवाज नाही. कोणी दार वाजवत नाही, ढकलत नाही. नुसते उभे राहतात.

१५ मे, दुपारी २

ओट्यावरून हाक आली. बाय गो.

या गावात मुलीला पोरी म्हणतात, वं म्हणतात. बाय कोणी म्हणत नाही.

२.१०

दार उघडलं. अण्णाच. तेच धोतर, गळ्यात तोच पंचा. पाय घोट्यापर्यंत पांढरे. एवढ्या लांब कसे आलात, विचारलं. म्हणाले, घोटभर दे.

देते अण्णा. हवं तेवढं देते. मोजणार नाही.

हातात पेली तीच आहे. दुसरं भांडं शोधायला सुचलंच नाही —

५०. १००. १५०. ओठ ओले होत नाहीत. माफ करा म्हटलं. अजून, म्हणाले.

२.३०

मागे रांग लागली आहे. ओट्यावरून गल्लीत, पार वळणापर्यंत. माझी खोडलेली. कोणी पुढे घुसत नाही. अण्णा काही बाजूला होत नाहीत, आणि मीही त्यांना बाजूला व्हा म्हणत नाही —

रांगेच्या शेवटी महादेवराव आहेत. मला बघून हसले.

२.४०

कॅन तिरपी केली. एक पेली निघाली. शेवटची.

अण्णांनी हात पुढे केलाय. बाय गो, म्हणतायत. तिकडे महादेवराव. नुसते पेलीकडे —

अण्णा, ही त्यांची आहे. त्यांना मीच — अण्णा, असं बघू नका. तुम्हाला देते, नक्की देते, सहा वाज—