आयच्या घासातला व्हायरस

१२ नोव्हेंबर, सकाळी
उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग. छोटासाच. बायकोने, रंजनाने, बघायच्या आत उशी उलटी केली. कारण उघड आहे : नवा ब्रश कडक आहे. खोडाळ्याच्या हायस्कुलात सायन्स शिकवतो मी, एवढं कळतं. निर्णय : ब्रश बंद. नुसती मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू हे खरं, पण भाजल्यावर त्यात उरतं काय?
रविना बाळंतपणाला माहेरी आलीय. एकुलती मुलगी, पहिलीच खेप. घरात शिस्त हवी. मीच लावणार.

१७ नोव्हेंबर
खालचा एक दात हलतो. म्हणजे जिभेने ढकलला तरच. न ढकलल्यास स्थिर. न ढकलण्याचा निश्चय.
दिवसभर ढकलला.
रंजना म्हणाली, जव्हारला दातांच्या डॉक्टरकडे जा. वेळ नाही म्हटलं. ती म्हणाली, दुपारपासून ओट्यावर बसून जीभ हलवताय, तो वेळ कुठला?

२१ नोव्हेंबर, जव्हार
डॉ. शीला. वयाने माझी विद्यार्थिनी शोभेल. बारीक सळईने हिरड्या टोचून बघितल्या. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल पॉकेट झालेत म्हणाली. किटण साचलंय, आजार जुना आहे, साफसफाई करावी लागेल, मशेरी आजपासून बंद, शुगर तपासा. एका दमात.
मूळ कारण काय, विचारलं. बॅक्टेरिया, म्हणाली. मग बोलता बोलता एक फार महत्त्वाची गोष्ट सांगून गेली : अशा खोल पॉकेटमध्ये पुष्कळदा हर्पीसच्या जातीचे व्हायरसही सापडतात. तापानंतर ओठावर फोड उठवतो तो त्यांतलाच एक. ते तिथली प्रतिकारशक्ती कमी करतात आणि मग बॅक्टेरियाचं फावतं, असं काही संशोधकांना वाटतं. अजून सिद्ध नाही.
यापुढे ती बरंच बोलली. मी ऐकलं नाही. व्हायरस! म्हणजे माझी काही चूक नाही. आणि व्हायरसला ब्रश काय करणार?
साफसफाईचं कळवतो सांगून आलो.

२२ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये सांगितलं, माझ्या हिरड्यांत हर्पीस आहे. सगळे गप्प झाले. आदराने. तेव्हापासून माझा चहाचा कप वेगळा ठेवतात. तोही आदरच.

२५ नोव्हेंबर
मोबाइलवर वाचन. वाचायला नको होतं.
हा व्हायरस एकदा शरीरात शिरला की जात नाही. मरेपर्यंत. कानापुढे, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी पडून राहतो. काही करत नाही. नुसता असतो. माणूस थकला, आजारी पडला, उन्हात फिरला की जागा होतो आणि नसेवरून चालत ओठाकडे येतो.
आठवीला फळ्यावर लिहिताना डाव्या कानापुढे काहीतरी सरकल्यासारखं झालं. वळून पाहिलं. पोरं मुकाट वहीत लिहीत होती. सूत्र अर्धंच राहिलं. तास लवकर सोडला.
हा आला कुठून? बहुतेकांना लहानपणीच मिळतो म्हणे. घरच्या माणसांच्या थुंकीतून.

३० नोव्हेंबर, वांगणी
बायडी मावशीकडे जाऊन आलो. आयची धाकटी बहीण, आता तीच एक उरलीय. रस्त्याला मोटारसायकल दोनदा घसरली. मावशी अंगणात नागली पाखडत होती. विचारलं, मी लहान असताना आय मला भरवायची कशी?
मावशी हसली. म्हणाली, भाकर तोंडात चावून, मऊ करून तुझ्या तोंडात घाली. तुला दात कुठं होतं? त्या साली घरात दूध नव्हतं, पेज नव्हती. तिनं चावलं म्हणून तू जगलास.
मग सुपडं खाली ठेवून म्हणाली, तिच्याच तोंडाचा आहेस तू.
परतताना शिरपामाळला थांबलो. सहलीला आलेली माणसं फोटो काढत होती. मला थंडी वाजत होती. उन्हात.

१ डिसेंबर
आय जाऊन खूप पावसाळे झाले. शेवटी तिच्या तोंडात दात उरला नव्हता. कुणी आलं की पदराने तोंड झाकून बोलायची.
आज सकाळी आरशात बघतो तर मीही टॉवेल तोंडाला धरलेला. तसाच. टॉवेल खाली केला. गालफड तिचंच. आत ओढलेला ओठ तिचाच. ती आरशातून बघत होती असं लिहिणं अशास्त्रीय आहे. म्हणून लिहीत नाही.
आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. रंजनाला सांगितलं, पारा उडालाय.

८ डिसेंबर
मशेरी पूर्ण बंद. कालपासून.
आज एकदाच घेतली, फरक पडतो का ते पाहायला. पडतो. बरं वाटलं.
चावताना डावी बाजू वापरत नाही. घास तोंडात फार वेळ राहिला की गिळवत नाही. कुणासाठी तरी मऊ करतोय असं वाटतं.

१४ डिसेंबर
मुलगी झाली! जव्हारच्या दवाखान्यात. दोघी सुखरूप. जावई कमलेश रडला. मी नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.
बाळाचं कपाळ थेट आयचं आहे. हे कुणाला बोललो नाही.

१७ डिसेंबर
बाळ घरी आलं. सगळी व्यवस्था माझ्याकडे. हात धुतल्याशिवाय कुणी बाळाला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. रंजना म्हणाली, आधी तुम्ही तोंड धुवा, मशेरीचा वास येतोय.
वरच्या ओठाला मुंग्या येताहेत. नवीन टूथपेस्टमुळे असणार.

१८ डिसेंबर, दुपारी
रविना अंघोळीला गेली होती, रंजना चुलीपाशी. बाळ माझ्याजवळ. झोपेत तिने ओठ हलवले, रिकामं काहीतरी चावल्यासारखे. मला राहवलं नाही. तिच्या तोंडाशी तोंड नेलं. पापा घेतला. एकच.
ओठाला फोड नव्हता. फोड नाही म्हणजे तो झोपलेला आहे. साधं लॉजिक आहे.
कुणी पाहिलं नाही.

१९ डिसेंबर
फोड आले.
बारीक बारीक, पाण्याचे, घोसाने. उष्णतेचे असावेत. रुमाल धरून वावरतोय. सर्दी झालीय असं सगळ्यांना सांगितलं.
डॉ. शीलाला फोन लावला. ती हॅलो म्हणताच ठेवून दिला.

२२ डिसेंबर
बाळ ठीक आहे. दूध पितं. शंभरदा पाहून आलो, दारातूनच. रविना विचारत होती, बाबा आत का येत नाहीत? सर्दी, म्हटलं.
वाचलं : मोठ्यांच्या ओठावर नुसता फोड, पण तान्ह्या बाळाच्या अंगात तो पसरू शकतो. मेंदूपर्यंत. मोबाइल पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.
घरात आय वावरतेय. लिहिलं, झालं. पाळण्यापाशी उभी असते आणि काहीतरी चावत असते. तिला सांगावंसं वाटतं, आता नको. आता घरात दूध आहे.

२४ डिसेंबर, सकाळी
बाळाचं अंग गरम. रात्रीपासून दूध ओढत नाही.
रंजना म्हणाली, दृष्ट लागली. कमलेश म्हणाला, दुपारपर्यंत बघू. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला. बघू म्हणणं फार सोपं होतं.
रुमाल काढला. म्हटलं, हा फोड बघा. याच तोंडाने मी तिचा पापा घेतलाय. आत्ता निघायचं.
रविनाने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल मला आयुष्यभर दिसत राहील.
जव्हारला डॉक्टरांनी फोडाचं ऐकताच लगेच नाशिकला पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये माझ्यासाठी जागा नव्हती. होती. पण नव्हती. मी मागून एसटीने आलो.

२५ डिसेंबर, नाशिक
बाळाच्या इवल्या हाताला सलाइन. व्हायरसचं औषध रिपोर्टची वाट न बघता सुरू केलं. कमरेच्या मणक्यातून पाणी काढलं तपासायला. तिचं रडणं बाहेर ऐकू आलं. मग थांबलं. थांबलं तेव्हा जास्त भीती वाटली.
रंजना बाहेर येऊन शेजारी बसली. मी म्हटलं, माझ्या आयने मला जगवायला जे दिलं तेच मी हिला दिलं. रंजना म्हणाली, सासूबाईंना यात ओढू नका. त्यांनी घास दिला. तुम्हाला कळत होतं, तरी तोंड लावलंत.
बरोबर आहे.

२८ डिसेंबर
रिपोर्ट आला. हर्पीस नाही. ताप दुसऱ्या कसल्या इन्फेक्शनचा होता, अँटिबायोटिकने उतरतोय. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब आणलंत हे चांगलं केलंत.
मी संडासात जाऊन नळ सोडून रडलो. धूळ नव्हती.

९ जानेवारी, जव्हार
फोडाची खपली कधीच पडली. दातांची साफसफाई सुरू. हलणारा दात राहण्यासारखा नव्हता, काढला. डॉ. शीलाने ट्रेमध्ये दाखवला : मुळापर्यंत काळं किटण. मी विचारलं, यात व्हायरस किती? ती म्हणाली, असेलही. तपासून तुमची ट्रीटमेंट बदलणार नाही. हे काळं मात्र मशेरीचं आहे आणि हे तुम्ही स्वतः घासून घासून लावलंय.
शुगरही वाढलेली निघाली.
बाळाबद्दल विचारलं. आता फोड नाही, तर जवळ जायला हरकत नाही, म्हणाली. पापा नको. रविनाला हे सांगितलं. ती म्हणाली, मास्क लावा. मग बघू.

२ फेब्रुवारी
मास्क लावून रोज तासभर बाळाजवळ बसतो. मशेरी नाही. खरंच नाही. आय दिसत नाही. थोडी आठवण येते तिची.

२६ फेब्रुवारी
बाळ हसायला लागलंय. मला बघून सगळ्यांत जास्त हसते. रंजना जळते.
आज रविना आपण होऊन म्हणाली, बाबा, काढा तो मास्क, बघू दे तिला आजोबा. दोन महिने या घडीची वाट पाहत होतो. खाली बसलो. मास्क काढला. मोकळ्या तोंडाने हसलो.
बाळ टक लावून बघत राहिलं. मग असा काही टाहो फोडला की शेजारचे धावत आले.
परत मास्क लावला. लगेच हसायला लागली.