वेंडेल ओस्टबीला हरवण्याची रीत आणि बाकीची मालमत्ता

मी, तौनो एइनार रिंताला, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पियानो सुरात लावण्याचा (हात थरथरू लागल्यापासून बंद), राहणार तलावाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे शेवटून दुसरे घर, सुपीरियर, विस्कॉन्सिन, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि पुढचा प्रत्येक शब्द माझा आहे. येत्या मंगळवारी डॉक्टर माझी छाती उघडून हृदयातली एक झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे ते म्हणतात. पियानोचे झाकण उघडताना मीही गिऱ्हाइकाला हेच सांगायचो, आणि आत काय निघेल याची मला कधीच कल्पना नसायची. म्हणून हे मृत्युपत्र. १९८८ साली केलेले जुने मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे काही माझी बायको लेना हिला दिले होते. ती माझ्याआधीच निघून गेली.

कलम पहिले. घर, मागची वाफेची खोली आणि सरपणासकट सगळे आवार माझी मुलगी काइसा हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही, पण विकण्यापूर्वी एक आठवडा तिथे राहावे आणि उत्तरेची खिडकी उघडी टाकून झोपावे. ऑक्टोबरात धुके तलावावरून चढून खोलीत येते. अर्धवट झोपेत बोटींचा भोंगा ऐकू येतो आणि आपण घरात आहोत की पाण्यावर, हेच कळेनासे होते. माझ्या आयुष्यातली निम्मी सुखाची झोप त्या खिडकीशी झाली आहे. काइसा म्हणेल, "बाबा, थंडीने मरेन मी!" मरत नाही कोणी. दोन पांघरुणे घे.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लकही काइसालाच. चर्चच्या वाद्य समितीला मात्र काहीही देऊ नये. मी बावीस वर्षे सांगत होतो की पियानो गरम हवेच्या झरोक्याला चिकटून ठेवू नका. त्यांनी मान डोलावली आणि तो तिथेच ठेवला. त्याची फळी तडकली तेव्हा मला म्हणाले, "तौनो, तुझ्या हातून काहीतरी राहिलं असेल." हे मी विसरलेलो नाही. समितीने विसरू नये, म्हणून इथे लिहिले.

कलम तिसरे. खुंट्या पिळायची किल्ली, तिन्ही नादकाटे आणि तारांची पेटी काइसाला. तिला माझा कान आहे, फक्त धीर नाही. नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि तो पुरता विरेपर्यंत काही करायचे नाही. एवढे जमले की बाकीचे आपोआप येते.

कलम चौथे. माझ्या दोन रॅकेटी, चेंडूंची टोपली आणि पुढे लिहिलेली रीत मी अशा माणसाला देतो, जो माझ्यानंतर शनिवारी सकाळी सात वाजता पार्कातल्या दोन नंबरच्या कोर्टावर वेंडेल ओस्टबीसमोर उभा राहील. नाव मला माहीत नाही. कुंपणाला ज्याची रॅकेट पहिली लटकलेली दिसेल, तो. आमच्याकडे नंबर असाच लागतो.

वेंडेल हा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षे तो टपालाची थैली घेऊन हे गाव पायी फिरला. टेनिसमध्ये तो कोणाला हरवत नाही, समोरचाच हरतो. तो फक्त चेंडू परत पाठवतो. जोरात नाही, तिरका नाही, नुसता वर उचलून संथपणे परत, जणू चुकीच्या पत्त्यावरचे पाकीट. सगळे त्याला 'ढकल्या' म्हणतात. त्याला ते आवडते. पहिली एकोणीस वर्षे त्याने माझ्या नाकी नऊ आणले. मी जीव खाऊन मारायचो, चेंडू कुंपणात जायचा आणि हा पलीकडून म्हणायचा, "वा! काय मारलास रे! आत पडला असता तर मेलोच असतो."

तर आता रीत. पहिली गोष्ट, रागवायचे नाही. त्याची सर्व्हिस इतकी लोण्यासारखी येते की ठोकायचा मोह होतो. तो मोह हेच त्याचे हत्यार. दुसरी, रेषेच्या जवळ नेम धरायचा नाही, हातभर आत धरायचा. तिसरी मला फार उशिरा कळली. त्याला पळवायचे नाही. आपण वेड्यासारखे याला कोपऱ्याकोपऱ्यांत पळवतो, पण पोस्टमनला पळायला आवडते! चेंडू खोल आणि मधोमध टाकावा, त्याच्या पोटाशी. तिथे त्याला पळायला जागा नाही आणि तिरके मारायला कोन नाही. असे आठ फटके मनात मोजावेत. आठाच्या आत काहीही धाडस करू नये. नवव्याला जाळीजवळ आखूड चेंडू सोडून त्याला पुढे बोलवावे. जाळीपाशी आला की तो परक्याच्या स्वयंपाकघरात उभा राहिल्यासारखा होतो, हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. मग डोक्यावरून उंच. आणि त्याने स्वतः उंच ढकलला, तर खाली पडायची वाट न बघता दोन पावले पुढे जाऊन हवेतच घ्यावा.

हे सगळे मी कानाने शिकलो. धुक्यात पलीकडचा माणूस नुसती सावली असतो. चेंडू त्याच्या रॅकेटीला लागल्याचा 'टप्' आधी येतो आणि मग पांढऱ्या धुक्यातून चेंडू निघतो, कोणी न मारता आल्यासारखा. त्या आवाजावरून मला कळायचे की आता आखूड येणार की खोल. कितीतरी शनिवारी वाटे की आपण जागे नाहीच, उत्तरेच्या खिडकीशी झोपलो आहोत आणि हा चेंडू आपल्याला स्वप्नातच सारखा परत येतो आहे. तसे असते तरी माझी तक्रार नव्हती. मी आयुष्यात कुठेच इतका सुखी नव्हतो, लेनाने हे वाचले तर मला माफ करावे.

कलम पाचवे. पियानोवर ठेवलेला चषक, ज्यावर 'शहर उद्यान स्पर्धा, साठ वर्षांवरील, २००९' असे कोरले आहे, तो मी वेंडेल ओस्टबी याला देतो. तो त्याचाच आहे.

आमच्या खेळात पंच नसतो. ज्याच्या बाजूला चेंडू पडला, त्याने सांगायचे, आत की बाहेर. समोरचा वाद घालत नाही. नियम एकच, शंका आली तर चेंडू आत. पार्कात टेनिस खेळणारा माणूस बायकोशी खोटे बोलेल, सरकारशी बोलेल, पण इथे बोलत नाही. यावर तर सगळा डोलारा उभा आहे.

त्या ऑगस्टमध्ये अंतिम सामना आम्हा दोघांचाच होता. माझी रीत पहिल्यांदाच पुरती लागू पडली होती. शेवटचा गुण. धुके जाळीपर्यंत आलेले. मी आठ फटके मोजले, नवव्याला त्याला पुढे बोलावले, डोक्यावरून उंच दिला. म्हातारा उलटा पळाला, पाठ माझ्याकडे, आणि पायांमधून की कसा कोण जाणे, चेंडू परत पाठवला. तो माझ्या मागे बेसलाइनवर उतरला. मी वळून पाहिला. रेषेवरची पांढरी भुकटी उडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मी म्हणालो, "बाहेर."

शंका आली नव्हती हो. शंका आली असती तर आज एवढे टोचले नसते. मला जिंकायचे होते, बस्स.

वेंडेल धुक्यातून चालत जाळीशी आला. म्हणाला, "मला रेषेवर दिसला बुवा. पण तुला बाहेर दिसला ना? मग बाहेर." आणि त्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "एकोणीस वर्षं लागली रे तुला, गाढवा. अभिनंदन!"

सोमवारी तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्याने माझ्यावर संशय घेतला नाही, स्वतःच्या डोळ्यांवर घेतला! डॉक्टर म्हणाले, नजर स्वच्छ आहे. याने ऐकले नाही, आपल्या मनानेच दुकानातून चष्मा आणला. त्या वर्षी नाताळापूर्वी त्याने पोस्टाची नोकरी सोडली, मुदतीच्या तीन वर्षे आधी. "चुकीच्या दारात पत्र टाकलं तर? कोणाचं काय असेल त्यात," म्हणाला. आपल्या वाटेवरच्या कुत्र्यांचीसुद्धा नावे त्याला पाठ होती. निरोपाला मी गेलो होतो, केक खाल्ला आणि मूग गिळून परत आलो. तेव्हापासून पंधरा वर्षे वेंडेल स्वतःच्या बाजूला पडलेला एकही चेंडू बाहेर म्हणत नाही. हात हात बाहेर गेलेले माझे फटके तो "आत असेल" म्हणून देऊन टाकतो. मी त्याच्याविरुद्ध जिंकत आलो आहे आणि मला त्यातला एकही विजय पचलेला नाही. गाडी चालवतानाही विचारतो, "तौनो, हिरवा आहे ना रे?" हिरवा असतो. त्याला दिसत असतो.

हे त्याला मी असताना सांगायची माझी हिंमत नाही. मी गेल्यावर त्याने हे वाचावे. तो माझ्या कबरीकडे फिरकला नाही, तरी मी समजून घेईन. मला फक्त त्याचे डोळे त्याला परत द्यायचे आहेत.

कलम सहावे. हे कलम मी आज वकील लॉरेटा प्रुशाक यांच्या टेबलाशी, सगळ्यांना ताटकळत ठेवून, हाताने वाढवतो आहे.

दोन साक्षीदार लागतात. एक प्रुशाकबाई स्वतः; मी घरून लिहून आणलेला मजकूर त्यांनी अजून वाचला नव्हता. दुसरा त्यांचा कारकून, तो धुक्यामुळे पुलापलीकडे अडकला. मला इथे गाडीतून वेंडेलने आणले होते, तो बाहेर बाकावर मासिक चाळत बसला होता. बाई दार उघडून म्हणाल्या, "ओस्टबी, जरा आत येता का? एक सही हवी आहे. मजकूर वाचायची गरज नाही."

वेंडेल आत आला, पेन घेतले, म्हणाला, "कुठे करू? मला दाखवा, नाहीतर मी टेबलावर करीन." आणि हसला.

एक शब्द न बोलता हे निभले असते. त्याने न वाचता सही केली असती आणि मी मंगळवारी निवांत झोपलो असतो. पण ते हसणे मला बघवेना.

"थांब," मी म्हणालो. "पाचवं कलम वाच आधी."

"चष्मा गाडीत राहिला."

"चष्म्याशिवाय वाच."

त्याने वाचले. माझी छाती अशी धडधडत होती की मंगळवारपर्यंत झडप टिकेल का, अशी मला शंका आली. त्याने परत पहिल्यापासून वाचले. मग कागद खाली ठेवून खिडकीकडे बघत राहिला. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हते.

"म्हणजे माझे डोळे ठीक होते," तो म्हणाला.

"हो."

"पंधरा वर्षं."

"हो रे."

"हलकटा," तो म्हणाला, अगदी हळू. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी भांडलो असतो. तू म्हणालास म्हणून मी डॉक्टरकडे गेलो."

  मी माफी मागितली, एवढे नोंदवतो.

मग त्याने पेन पुन्हा उचलले. तोवर पाचवे कलम वाचून झालेल्या प्रुशाकबाई घाईने म्हणाल्या, "अहो, आता तुम्ही सही करू नका! दोनच साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळायचं त्यानेच साक्ष दिली, तर आपल्या राज्याच्या कायद्याने ती देणगी रद्द होते. चषक तुम्हाला मिळणार नाही."

"नक्की नाही मिळणार?"

"नाही."

"मग आणा इकडे," वेंडेल म्हणाला. "तो राहू दे त्याच्याच पियानोवर. मंगळवारनंतरही रोज बघू दे त्याला. आणि हे बघ तौनो, परवा शनिवारी तू नुसता बाकावर बस, डॉक्टर खेळू देणार नाहीत. मी एकटा भिंतीवर खेळेन. तू फक्त बघ, मी कुठला चेंडू बाहेर म्हणतो ते."

मी आठ फटके मोजून, पुढे बोलावून, डोक्यावरून दिला होता. याने परत पाठवला.

तेव्हा पाचवे कलम जसे आहे तसे राहू द्यावे, जरी त्याने काही मिळणार नसले तरी. एवढे लिहून मी सही करतो.

ठिकाण: सुपीरियर, विस्कॉन्सिन
दिनांक: १७ ऑक्टोबर २०२४

(सही) तौनो एइनार रिंताला

साक्षीदार:

१. (सही) लॉरेटा प्रुशाक, वकील. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर, राजीखुशीने सही केली.

२. (सही) वेंडेल ओस्टबी, निवृत्त पोस्टमन. सही माझ्यासमोर झाली, मी चष्म्याशिवाय पाहिली. चेंडू आत होता.