खरेदी केंद्रातला ओलावा

बाभुळगाव,
ता. १८ जानेवारी २००६

ती. स्व. सदाशिवमामांस नीळकंठाचा शि. सा. नमस्कार. आपली साखर काबूत आहे ना? (आपल्यासारख्या डॉक्टराच्या दवाखान्यासमोर जिलबीचं दुकान असू नये, हे माझं मत कायम आहे.) माझी तब्येत ठणठणीत आहे, आणि सध्या तीच मोठी अडचण झाली आहे.

बाजारात भाव पडल्यापासून आमच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रापुढे बैलबंड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत गेली आहे. केंद्रप्रमुख या नात्याने मी वरच्या कचेरीकडे कापूस भरायला बारदाना मागितला. त्यांनी मलाच नागपूरला तीन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय : 'समग्र उपचारातून करुणामय नेतृत्व'. तिथले गुरुजी म्हणाले, कार्यालय म्हणजे एक शरीर; लक्षणावर रागावू नका, रोगाचं मूळ शोधा. मामा, मला रडू आलं. पंधरा वर्षं मी नुसते मेमोच देत आलो!

परतल्याबरोबर उपचार सुरू केले. टंकलेखिका सुनीतीबाईंच्या चुकांचं मूळ पोटात निघालं, म्हणून त्यांना रोज सकाळी दुधीचा रस पाजला. (चुका तेवढ्याच राहिल्या, बाई मात्र टेबलावर दिसेनाशा झाल्या.) कापसाची प्रत ठरवणारा आमचा ग्रेडर उकंडा रोज उशिरा येतो. त्याला 'काहून उशीर?' न विचारता 'कुठं दुखते?' असं विचारलं. त्याने स्वतःच्या लग्नापासून सुरुवात केली आणि जेवणाच्या सुटीपर्यंत तो कसाबसा मेहुण्यावर पोचला.

इथवर ठीक होतं. मग मी फाटकाजवळच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आजपासून या केंद्रात ओलावा वाढवावा. कोरडेपणा खपवून घेतला जाणार नाही. – केंद्रप्रमुख.' मला मनातला ओलावा म्हणायचा होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कापसाच्या केंद्रात ओलावा म्हटलं की मनाकडे कोण बघतो? जन्मभर ओला कापूस हाकलणाऱ्या उकंडाने त्या दिवशी कोरड्या कापसाच्या बंड्या परत फिरवल्या. तांड्यावरचे हरिसिंग चार दिवस रांगेत काढून फाटकाशी आले होते. ते मुकाट हापशीवर गेले आणि येऊन मला म्हणाले, "सायेब, दोन घागरी टाकल्या. अजून टाकू काय?" मी डोळे मिटून ध्यानात होतो. म्हणालो, "मन भरेपर्यंत टाका." संध्याकाळपर्यंत हापशी आटली आणि गोदामातला कापूस वाफाळू लागला.

दुसऱ्या दिवशी हरिसिंगांचा पांढराशुभ्र कापूस पिवळा पडलेला पाहिला आणि खरोखर लाज वाटली. त्यांना कोरड्याचाच भाव मिळावा असं लिहून सगळा दोष मी माझ्यावर घेतला. सोमवारी चौकशी आहे. नोकरी राहील असं दिसत नाही.

पण मामा, करुणा वाया गेली नाही. मला वाचवायला सगळ्या स्टाफने एकमुखाने लिहून दिलं आहे, की साहेबांचं डोकं ठिकाणावर नाही. "येड्याले कोनी सस्पेंड करत नाही, सायेब," असं सांगताना उकंडाचे डोळे भरून आले होते. माझेही भरले.

आपला,
नीळकंठ

ता. क. : पत्रास कारण की, मी वेडा असल्याचा दाखला रविवारच्या बसने पाठवावा. तारीख फळ्याच्या आधीची घालावी.

ता. क. दुसरा : खोट्या दाखल्यावर आपण सही करत नाही, हे मी जाणून आहे. म्हणून एवढीच विनंती, की सही करण्यापूर्वी हे पत्र पुन्हा एकदा वाचावे.