डाव्या दाराचा रंग

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून पत्र. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवायला मनाई केली हे तुला ठाऊकच आहे. घरात दुसरं चालवणारं कोणी नाही, तेव्हा गाडी विकायची ठरवली. आमच्या छापखान्याचे जुने मॅनेजर पुढच्या रविवारी बघायला येतील. मी त्यांना लिहून दिलंय की अकरा वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा नाही.

द्यायचीच तर चकचकीत करून द्यावी म्हणून शाम्पू, पॉलिश, मेण, मऊ फडकी असं सगळं आणलं. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. पस्तीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस मी, आधी त्या दुरुस्त केल्या आणि मगच बाह्या सरसावल्या. त्या नादात गाडी सावलीत धुवावी हे वाक्य नजरेतून सुटलं. भर उन्हात धुतली, साबण जागच्या जागी वाळला आणि टपावर पांढरे डाग पडले. ही गच्चीत कपडे वाळत घालत होती. म्हणाली, आधीच बरी दिसत होती. दुसऱ्या दिवशी सावलीत पुन्हा धुतली.

मग पॉलिश. बॉनेट, टप, तीन दारं, सगळीकडे फडकं नुसतं मळकट व्हायचं. मागच्या डाव्या दारावर फिरवलं आणि फडकं निळंशार! ताई, मी गाडीचा रंगच खरवडून काढला की काय? हिला विचारलं, तर तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं आणि ती आत पळाली. तुमचं गॅरेज होतं, तुला यातलं कळतं. उलट टपाली कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
भाऊ

दि. ७ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस, तू काही बिघडवलेलं नाहीस. कारखान्यातल्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, म्हणून फडक्याला रंग लागत नाही. त्या दारावर तो थर नाही, कारण ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. चार वर्षांपूर्वी तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि मी वहिनीच्या सोबतीला आले होते, तेव्हा ते दवाखान्याच्या फाटकाला घासलं. गाडी मी चालवत होते. आमच्या पेंटरने दोन दिवसांत रंग मारून दिला. घाईत वरचा थर राहून गेला.

सांगणार होते रे. पण तू घरी आलास तो टाके सांभाळत गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्यास आणि म्हणालास, याला म्हणतात निगा. त्यावर काय बोलणार? आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसलो आणि सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच. वहिनीला यात ओढू नकोस. मॅनेजरांना मात्र खरं सांग.

राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. १० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तुला मोठ्या मनाने माफ केलं आहे. मॅनेजरांना मी स्वतः दार दाखवणार.

आत्ताच हिला सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, गॅरेजवाल्याच्या बायकोची ही गत, म्हणूनच मी तुझ्या हातात कधी किल्ली दिली नाही. दोन बस बदलून तू दवाखान्यात माझा डबा आणायचीस, हाल झाले खरे, पण निदान कुठे धडकली तरी नाहीस. यावर तिने हातातला झारा खाली ठेवला आणि कपाट उघडलं. अजून कसला तरी कागद शोधतेय. तोवर मी हे पत्र पेटीत टाकून येतो.

लोभाची तूट नाही, हे मनात असू दे.

तुझा,
भाऊ

दि. १९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही माझं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलंत, पण मला ते चार दिवससुद्धा सोसलं नाही. माझं लायसन्स कपाटातून काढून यांच्यापुढे ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी मी तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा तुम्ही पहाटे मैदानावर शिकवायचात ते सांगितलं, आणि डबा घेऊन जाताना गाडी मीच घासली तेही. कसली बस नि कसलं काय! हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की बिचारी दोन बस बदलून येते, आणि मी खाली मान घालून वाट्या मांडायची.

यांनी लायसन्स डोळ्यांशी धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. मला वाटलं, आता भडका उडणार. तर म्हणाले, पत्त्यात वेलांटी चुकलीय. मग बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत आल्यावर एवढंच विचारलं की मी इतका अवघड माणूस आहे का, की चार वर्षं सांगता येऊ नये. मी हो म्हटलं. आतून तुटलं, पण हो म्हटलं.

रविवारी मॅनेजर आले. यांनीच त्यांना दाराशी नेऊन सगळं सांगितलं, माझ्या नावासकट. ते म्हणाले, एवढ्या-तेवढ्याने काय होतंय, मी गाडी घेतो. तर हे म्हणाले, माफ करा, गाडी विकायची नाही, घरात चालवणारं माणूस निघालं. मॅनेजर चहा घेऊन रिक्षाने परत गेले.

काल यांना डोळे तपासायला मीच नेलं. शेजारी बसून पहिल्या चौकापर्यंत यांनी माझ्या अकरा चुका काढल्या. मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना मागच्या सीटवर बसायला सांगितलं. निमूट जाऊन बसले. आरशात बघते तर डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही हातांनी माझी सीट धरलेली. घरी आल्यावर मात्र शेजाऱ्यांना ऐकवत होते की ही इतकी छान चालवते, वाटेत माझा डोळाच लागला.

तुमचा लोभ माझ्यावर आहेच. थोडा यांच्याकडेही वळवा, सध्या त्यांना गरज आहे.

तुमची,
वहिनी