‘गोधडी’ कुणी सांभाळायची

मी, मोरेश्वर विनायक कर्णिक, वय ७१, राहणार दहिवली, कर्जत. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी पत्नी उमा हिचं मत वेगळं आहे. कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो की:

१. घर आणि ठेवी उमाला, तिच्या पश्चात मुलगा मिहीर याला. ती असेपर्यंत त्याने घराला गिऱ्हाईक आणू नये.

२. ‘गोधडी’ हे शाळांच्या संगणकांसाठीचं माझं कर्नल मॉड्यूल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याला, कर्नलला, जोडायचा कोड. खाली धड्यांचा थर, त्याला हात लागत नाही. वर पोरांच्या लिखाणाचा थर. पडद्यावर दोन्ही मिळून एकच दिसतं. २००९ साली मी आणि पोशीरची वनिता, आम्ही दोघांनी लिहिलं. काय दिवस होते! शाळेच्या ओट्यावर भाकरी खात भांडायचो. “तात्या, ही ओळ बेकार हाय,” ती तोंडावर सांगायची. कर्नलची नवी आवृत्ती आली की काहीतरी उसवायचं, आम्ही पुन्हा टाके घालायचो. आता कर्नलमध्येच तशी सोय आहे, मग तुमचं कशाला, असं विचारणाऱ्यांनी माझ्या तेराव्याला येऊ नये. सहा शाळा अजून यावरच चालतात.

३. २०१४ साली नव्या कर्नलसाठी वनिताने दुरुस्ती पाठवली. ती घेताना मी शहाणपणा करून त्यातली एक ओळ बदलली. कोडच्या नोंदीत त्या ओळीपुढे नाव तिचंच राहिलं. त्या ओळीने वरचा थर पुसला. ठाकरवाडीच्या पोरांनी आज्यांकडून ऐकून टाइप केलेली गाणी गेली. सगळ्या मास्तरांसमोर मी तिला बोललो आणि कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव काढलं. चार वर्षांनी तिची मूळ मेल जुन्या डिस्कवर सापडली. तिची ओळ बरोबर होती. तरी मी गप्प बसलो. लाज वाटते.

४. यादीत तिचं नाव आजच पुन्हा घातलं आहे, माझ्या वर. चूक माझी, हेही तिथे लिहिलं आहे. कोड सर्वांना खुला, त्याची वाटणी होत नाही. सांभाळ तेवढा वनिताकडे मागतो. नाही म्हणाली तर कुणी गळ घालू नये, ‘गोधडी’ बंद पडू द्यावी.

५. वकील नको म्हणाले तरी सहीआधी तिला हे वाचायला द्यावं.

कर्जत, ९ नोव्हेंबर २०२५
(सही) मो. वि. कर्णिक

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुनील हजारे, खोपोली
२. वनिता दशरथ विरले, पोशीर

तात्या, ती मेल माझ्याकडंबी हाय. तुमी कधी बोलता त्याची अकरा वर्सं वाट बघितली. नव्या कर्नलचं मी बघते.