विझलेलं प्रथिन

३ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
आमच्या प्रयोगशाळेत नुकत्याच आलेल्या त्या नवीने माझ्या पोटावर पाय दिला. प्रथिन तापलं की त्याचे धागे गुंतून त्यांचा गोळा होतो. पेशीत कडीसारखी सहायक प्रथिनं असतात. ती एक टोक धरून धागा आपल्या भोकातून ओढून काढतात. दर हिसक्याला पेशीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्च होते. सुटलेला धागा पुन्हा नीट घडी घेतो. आमचं प्रथिन धड असलं की चमकतं. ते तापवून विझवायचं आणि कडीकडून पुन्हा उजळवायचं, यात मी कधीची खपतेय. माझी नळी अंधारीच. नवीने गोळा आधी सैल करणारं दुसरं सहायक प्रथिन घातलं, आणि काल तिची नळी चमकली! आता परिषदेत माझ्याऐवजी ती बोलणार. आमच्या प्रमुख बाईंनी तिला चहा पाजला. मला कप धुवायला सांगितलं.
तुझी, जळून कोळसा झालेली,
धाकटी

९ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
षड्रिपूंत मत्सर शेवटचा. तू थेट त्याच्यापासूनच सुरुवात केलीस; बाकीचे पाच रुसतील. आमच्याही शाळेत संस्कृतला नवा मास्तर आलाय. पोरं त्याच्या तासाला हसतात, माझ्या तासाला नुसती उठून उभी राहतात. वहिनी म्हणते, बहीणभाऊ एकाच मुशीतले.
एक सांग, एटीपी न घालताही नवीची नळी चमकते का? उपाशी कडीने काम केलं, तर समज, तिचं तापवणंच कच्चं होतं, प्रथिन पुरतं विझलंच नव्हतं. हे मी निव्वळ जिज्ञासेने विचारतोय. निदान पत्रात तरी.
शुभं भवतु. नवीचं नाही, तुझं.
दादा

१४ जून
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.
तुझ्या पत्राने गुदगुल्या झाल्या. नवी जेवायला गेली तशी तिच्याच मिश्रणाची बिनएटीपीची नळी लावली. चमक गं बाई, म्हणून किती विनवलं! ठार काळोख. एटीपी घातलं, तर मेली हळूहळू उजळली. म्हणजे नवीचंच खरं, आणि ते पक्कं केलं मी!
ही तपासणी ती विसरलीच होती. त्यावाचून परिषदेत पहिल्याच प्रश्नाला तिची बोबडी वळली असती. मी दोन दिवस गप्प बसून ते चित्र मनात रंगवलं. पण दादा, खरं ठरलेलं पदराखाली किती दिवस झाकणार? आज आकडे तिच्या हातात ठेवले.
‘माझ्यासाठी जेवणाची सुट्टी घालवलीत!’ म्हणताना तिचे डोळेच भरून आले. आता माझं मन किती मोठं, हे ती बाईंपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलीय. इतका राग मला तिचा आजवर आला नव्हता.
लोभ सगळा माझ्याच वाट्याला ठेव, तिला त्यातला कणही देऊ नकोस.
तुझी,
धाकटी