लॅपटॉपवर राहिलेली ओळ

आईस,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. दिवसभर दुकानात उभं राहून पाय थोडे सुजतात, पण इथे ते सगळ्यांचेच सुजतात.

धाकटीसाठी कोणता लॅपटॉप घ्यावा, असं विचारलं होतंस. मी हलकाच निवडलाय, बसमध्ये मांडीवर मावेल असा आणि एकदा चार्ज केला की संध्याकाळपर्यंत पुरेल असा. महागड्याच्या नादी लागले नाही. त्यामुळे त्याच पैशांत माउस आणि पाठीवरची चांगली बॅगही बसली. तिची पाठ अजून दुखते का गं?

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मांडून ठेवलेले लॅपटॉप एकेक करून झोपी जातात. मी बोट लावत पुढे जाते आणि मागे सगळ्यांच्या पडद्यावर चित्रातलं तेच निळं तळं उजाडत येतं. मला वाटतं, पलीकडच्या काठावर तू कपडे वाळत घालते आहेस.

बटणं तपासायला मी प्रत्येकावर एकच ओळ टाइप करते, ‘आई, जेवलीस का?’ मग पुसून टाकते. काल एकावर पुसायची राहिली. एक आजीबाई त्या ओळीसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी त्यांना मोठ्या पडद्याचा, स्वस्तातला दाखवायला लागले, तर म्हणाल्या, “मला हाच दे. आणि ते पुसू नकोस.”

धाकटीचा लॅपटॉप पोचला की आधी तू उघड. त्यावरची ओळ मी पुसलेली नाही. खाली उत्तर लिही, आणि या वेळी खरं लिही.

तुझी,
थोरली